परसात मोहोळ, दारात कुत्रा: दोघांना सुखाने नांदवायचं कसं

बंगल्याच्या आवारात, फार्महाउसवर किंवा गावाकडच्या घरी कुत्रा असतोच. फुलझाडं असतील तर मधमाश्याही येतात. काही जण हौसेने सातेरी जातीच्या मधमाश्यांची पेटी ठेवतात, तर काहींच्या घरी न बोलावता कुंपणात, मीटरच्या पेटीत नाहीतर आंब्याच्या फांदीवर मोहोळ बसतं. मग घरात वाद सुरू होतो. एक म्हणतो जाळून टाका, दुसरा म्हणतो कुत्र्याला बांधून ठेवा. हे दोन्ही सल्ले वाईट आहेत, आणि दुसरा पहिल्याइतकाच घातक आहे. कसा, ते पुढे सविस्तर सांगतो. आधी एवढं लक्षात घ्या की माश्यांना शिस्त लावता येत नाही, पण आवाराची मांडणी आपल्या हातात असते. पाणी, दिवा, पेटीचं तोंड आणि कुत्र्याची साखळी या चार गोष्टी नीट लावल्या की बहुतेक आवारांत कुत्रा आणि माश्या वर्षानुवर्षं एकत्र राहतात.

आधी माशी ओळखा

माशी कोणती आहे हे कळल्याशिवाय कशालाही हात लावू नका. आपल्याकडे घराच्या आसपास चार प्रकार दिसतात आणि चौघींचे स्वभाव वेगळे आहेत.

पोयाची माशी सगळ्यात लहान, डासाहून थोडी जाड, काळसर. भिंतीच्या भेगेतून किंवा जुन्या दाराच्या चौकटीतून मेण आणि राळेची छोटी नळी बाहेर आलेली दिसते, ते हिच्या घराचं दार. हिला डंख नाही. कुत्र्याने नाक लावलं तरी फार तर केसांत शिरून चावे घेईल. हिच्यासाठी काहीही करायची गरज नाही. तिला राहू द्या.

फुलोरी झुडपात बसते. मेंदीचं कुंपण, डाळिंब किंवा कागदी लिंबाच्या बारीक फांदीवर तळहाताएवढं एकच उघडं पोळं असतं. स्वभावाने ही भित्री. अडचण फक्त उंचीची. पोळं पुष्कळदा कुत्र्याच्या डोक्याच्या पातळीवर असतं आणि कुंपणात तोंड घालून हुंगणं हा तर कुत्र्याचा रोजचा धंदा. अशा जागी दोन बांबू रोवून सुतळीची जाळी बांधली की काम भागतं. हंगाम संपला की फुलोरी बहुधा आपणहून जागा बदलते.

सातेरी अंधारी पोकळी शोधते. झाडाची ढोली, दगडी भिंतीतली फट, उपडा पडलेला रांजण, बंद पडलेल्या कूलरचा डबा. आत एकाआड एक अशी समांतर पोळी असतात, म्हणून तिला सातपुडी असंही म्हणतात. पेटीत पाळायला आपल्या हवामानात हीच उत्तम. घराच्या तोंडाशी खुडबुड केली नाही तर ती कोणाच्या वाटेला जात नाही.

चौथी आग्या. मोठी, लांबट, पोटावर पिवळसर नारिंगी पट्टे. उंच झाडाच्या आडव्या फांदीला, पाण्याच्या टाकीच्या तळाला किंवा इमारतीच्या सज्जाखाली एकच मोठं पोळं लोंबतं आणि त्यावर माश्यांचा जिवंत पडदा असतो. काही चाहूल लागली की त्या पडद्यावर वरून खाली लाट सरकल्यासारखी दिसते. खाली उभ्या गाडीवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर पिवळे ठिपके पडू लागले तर वर मान करून पाहा, ती आग्याची विष्ठा असते. माणसं आणि जनावरं दगावल्याच्या ज्या बातम्या आपण वाचतो, त्यांतल्या मोठ्या हल्ल्यांमागे बहुतेक वेळा हीच असते.

गांधीलमाशी मधमाशी नव्हे. तिचं घरटं कागदासारख्या करड्या पदार्थाचं असतं, त्यात मध नसतो, आणि ती एकामागून एक कितीही डंख मारू शकते. कुत्र्याच्या घराच्या छपराच्या आतल्या बाजूला ती हमखास घरटं करते. पावसाळ्याआधी आणि नंतर तिथे वाकून बघायची सवय लावून घ्या.

फांदीवर अचानक माश्यांचा घोस येऊन बसला आणि त्यात पोळं दिसत नसेल, तर तो घर शोधत निघालेला थवा असतो. त्या माश्यांची पोटं मधाने भरलेली असतात आणि राखायला पिल्लं किंवा साठा नसतो, त्यामुळे त्या शांत असतात. काही तासांत, फार तर एकदोन दिवसांत त्या निघून जातात. तोवर कुत्र्याला दुसऱ्या बाजूने फिरवा आणि कोणाला दगड मारू देऊ नका.

कुत्राच का सापडतो

मधमाश्यांच्या मधावर जंगलात अस्वलाचा डोळा असतो. पहारेकरी माश्या ज्या खुणांवर बिथरतात त्या सगळ्या अस्वलाच्या आहेत: गडद रंग, केसाळ अंग, जवळून येणारा उष्ण उच्छ्वास, झटक्याची हालचाल. काळा लॅब्राडॉर पेटीच्या तोंडाशी धापा टाकत उभा राहिला तर माश्यांच्या लेखी तो कोण असेल, ते वेगळं सांगायला नको. त्यात माशी दाट केसांत अडकली की सुटायला जोरात भुणभुणते, कुत्रा घाबरून गोल गोल फिरतो आणि त्या धावपळीने आणखी माश्या येतात.

डंखाची रचनाही समजून घ्या. कामकरी माशीच्या नांगीला उलटे काटे असतात. ती कातडीत रुतते आणि माशी उडताना विषाच्या पिशवीसकट तुटून मागे राहते. माशी मरते, पण पिशवी काही काळ आकुंचन पावत विष सोडतच राहते. त्याच जागेतून इतर माश्यांना बोलावणारा वास सुटतो. तो साधारण पिकलेल्या केळ्यासारखा असतो. एका डंखाच्या जागी पाठोपाठ दहा डंख बसतात ते या वासामुळे. म्हणून पेटीजवळ बसून केळं खाऊ नये आणि कुत्र्यालाही तिथे देऊ नये.

पाण्याची सोय, आणि तीही उन्हाळ्याच्या आधी

नव्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास होतो तो इथे. मार्च लागला की माश्यांना पाण्याची गरज वाढते. पोळ्यात पाण्याचे थेंब पसरून पंखांनी वारा घालत त्या घर थंड ठेवतात. कुत्र्याचं पाण्याचं भांडं त्यांना आयतंच सापडतं. एप्रिलच्या दुपारी नीट पाहिलंत तर भांड्याच्या कडेवर ओळीने माश्या बसलेल्या दिसतील, पोट वरखाली करत सोंड पाण्यात घातलेल्या, आणि मधोमध दोनतीन बुडालेल्या, पाय हलवणाऱ्या. कुत्रा येतो, जीभ घालतो आणि डंख थेट जिभेवर किंवा घशात बसतो. सगळ्या डंखांत हा सर्वांत धोक्याचा, कारण घसा आतून सुजला तर श्वासच अडतो.

एकदा पाण्याची जागा ठरली की माश्या ती सहजासहजी सोडत नाहीत. नंतर हाकलून, भांडं उपडं करून, फडक्याने झटकून उपयोग होत नाही. त्यांचं वेगळं पाणी फेब्रुवारीतच, म्हणजे कुत्र्याच्या भांड्याची सवय लागायच्या आत सुरू करायला हवं. मातीची पसरट परळ घ्या. तीत खडे, विटांचे तुकडे किंवा नारळाच्या शेंड्या अशा रचा की त्यांची डोकी पाण्याबाहेर राहतील, म्हणजे माशीला उभं राहायला जागा मिळेल. गळक्या माठाला ओलं गोणपाट गुंडाळून ठेवलं तर आणखी चांगलं, माश्या ओल्या गोणपाटातून पाणी शोषतात. ही जागा उन्हात, झाडांच्या बाजूला आणि कुत्र्याच्या वावरापासून लांब असू द्या. सुरुवातीला पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं तर माश्यांना ती लवकर सापडते. परळ एक दिवसही कोरडी पडू देऊ नका. ती कोरडी पडली की माश्या त्याच दुपारी दुसरीकडे पाणी शोधायला निघतात.

कुत्र्याचं पाणी दिवसा व्हरांड्यात किंवा घरात, सावलीत ठेवा. बाहेर ठेवायचंच झालं तर खोल, अरुंद तोंडाचं भांडं वापरा आणि पाणी वरचेवर बदला. नळाखालचं डबकं, कुंड्यांखालच्या बशा आणि गळका पाइप यांचाही बंदोबस्त करा.

पेटी ठेवायची असेल तर

पेटीचं तोंड कुठे करायचं यावर पुढची सगळी शांतता अवलंबून असते. माश्या तोंडातून सरळ समोर झेप घेतात आणि हळूहळू वर चढतात. त्या वाटेत कुत्र्याची फाटकाकडे धावण्याची वाट आली तर रोज टकरा होणार. तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला, भिंतीकडे पाठ आणि समोर पाचसहा फुटांवर शेडनेटचा किंवा दाट कुंपणाचा पुरुषभर उंच आडोसा, ही मांडणी उत्तम. आडोसा आला की माश्या लगेच वर उडतात आणि त्यांची वाट कुत्र्याच्या डोक्यावरून जाते. पेटीभोवती चारी बाजूंनी कुत्र्याला ओलांडता येणार नाही अशी जाळी हवीच. कुत्र्याला आधी शिकवू आणि मग बघू, असं करू नका. आधी जाळी, मग पेटी.

स्टँड जमिनीत गाडून पक्का करा. नर कुत्रा नव्या खांबावर पाय वर करणारच आणि मोठा कुत्रा अंग घासताना हलकी तिकाटी सहज पाडतो. मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडच्या पायांखाली वाट्या ठेवतात. काही जण त्यांत जळकं ऑइल किंवा रॉकेल घालतात. घरात कुत्रा असताना हे कधीही करू नका, तो ते चाटतो. वाट्यांत साधं पाणीच घाला आणि ते दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर त्यात डासांची पैदास होते.

पेटी तपासायच्या किंवा मध काढायच्या दिवशी कुत्रा सकाळपासून घरात बंद ठेवा आणि अंधार पडेपर्यंत बाहेर सोडू नका. पेटी बंद केल्यावरही माश्या तासन्‌तास चिडलेल्या असतात. मेणाचे तुकडे, पोळ्याची कात्रणं किंवा सांडलेला पाक जमिनीवर राहू देऊ नका. त्यावर दुसऱ्या मोहोळांतल्या लुटारू माश्या तुटून पडतात आणि कुत्राही चाटायला येतो. हातमोजे आणि टोपी धुऊन बंद डब्यात ठेवा. चामड्याच्या मोज्यांत तुटलेल्या नांग्या रुतून राहतात आणि कुत्र्याला मोजे चघळायला फार आवडतात.

गवत कापायचं मशीन पेटीजवळ चालवायचं असेल तर सूर्य मावळल्यावर. इंजिनाच्या थरथरीने आणि धुराने सातेरीसारखी गरीब माशीही बिथरते.

पेटीचं काम पुस्तक वाचून सुरू करण्यापेक्षा शिकून सुरू करा. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, 1962 सालापासूनची. महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. त्याच डोंगरात 2022 साली ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालेलं मांघर आहे. तिथे माश्या, गुरं, कुत्री आणि माणसं एकाच आवारात कशी वावरतात हे एकदा डोळ्यांनी पाहून या.

कुत्र्याला काय शिकवायचं

दोन गोष्टी पुरेत. पहिली ‘सोड’ म्हटल्यावर तोंड बाजूला घेणं. उडत्या किड्यावर झडप घालून तोंडात पकडायची खोड बहुतेक पिल्लांना असते आणि आपण हसून तिला उत्तेजन देतो. माशीवर झडप घालणारं पिल्लू पुढे पोळ्यावरही झडप घालतं. घरातल्या साध्या माश्यांवरच ‘सोड’ पक्कं करा आणि ऐकलं की लगेच खाऊ द्या. दुसरी गोष्ट, हाक मारली की कितीही मजा चालू असली तरी घरात धावत येणं. यासाठी एक वेगळी शिट्टी किंवा शब्द राखून ठेवा. तो एरवी वापरायचा नाही आणि त्यावर नेहमी सगळ्यात आवडता खाऊ द्यायचा. संकटाच्या वेळी हा एक शब्द जीव वाचवतो.

गळून पडलेले चिकू, आंबे, जांभळं रोज सकाळी उचला. पिकून फुटलेल्या फळावर माश्या बसतात आणि तीच फळं कुत्रा तोंडात घेतो. तुळस मंजिऱ्यांनी भरली किंवा कढीपत्ता फुलला की तिथे दिवसभर माश्यांचा राबता असतो. अशी झाडं कुत्र्याच्या बसायच्या जागेपासून दूर लावा. आधीच लावली असतील तर बसायची जागा हलवा.

गोचिडांच्या औषधाबद्दलही इथेच सांगतो, कारण इकडे कोणाचं लक्षच जात नाही. गोचिडांसाठी वापरतात ती फिप्रोनिल आणि डेल्टामेथ्रिन ही औषधं मधमाश्यांना अत्यंत विषारी आहेत. कुत्र्याच्या अंगाला पशुवैद्य सांगतील ते जरूर लावा, पण तेच औषध पंपात भरून आवारातल्या झाडांवर, फुलांवर किंवा गवतातल्या रानफुलांवर फवारू नका. कुत्र्याचं घर धुवायचं तर संध्याकाळी धुवा. औषधाचं पाणी माश्यांच्या परळीच्या वाटेने वाहू देऊ नका.

आग्या बसली तर

आग्या पावसाळा संपला की फुलोऱ्यामागे आपल्या भागात येते आणि पुढच्या पावसाच्या आत निघून जाते. वर्षानुवर्षं तेच झाड, तीच फांदी धरते. शेताच्या बांधावर, उंच सावरीवर किंवा वडावर ती असेल तर तिला जरूर राहू द्या. पिकांना आणि रानाला तिचा मोठा आधार आहे. पण कुत्रा जिथे दिवसभर असतो त्याच्या डोक्यावर, घराला लागून आग्या मोहोळ बसलं, तर सोबत राहायचा हट्ट धरू नका. हे मी माश्यांवर जीव असूनही सांगतो आहे. तुम्ही कितीही सांभाळलंत तरी घारीने किंवा मधुबाजाने पोळ्यावर झडप घातली, संक्रांतीच्या पतंगाचा मांजा घासला, शेजारच्या लग्नात फटाके वाजले किंवा कोणी पाचोळा पेटवला, तर ते तुमच्या हातात नसतं. चिडलेली आग्या शेकडो मीटर पाठलाग करते.

ते काढायचं काम प्रशिक्षित मधपाळाकडून, अंधार पडल्यावर, पोशाख आणि धुराडं वापरूनच करून घ्या. पेटता टेंभा लावणारे लोक स्वस्तात येतात, पण होरपळलेल्या आणि भरकटलेल्या माश्या दुसऱ्या दिवशी सगळ्या आळीत डंख मारत फिरतात. पोळं काढल्यावर फांदीवरचं मेण खरवडून जागा धुऊन घ्या, नाहीतर वासाने माश्या तिथेच परत जमतात. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी कुत्रा घरातच राहू द्या.

पोळं लांब असलं तरी एक त्रास उरतो, रात्रीच्या दिव्यांचा. आग्या माशी उजेडाकडे ओढली जाते. व्हरांड्यातल्या ट्यूबलाइटखाली सकाळी दहावीस माश्या पडलेल्या दिसतात, काही मेलेल्या, काही सरपटणाऱ्या. कुत्रा त्यांच्यावर पाय देतो, नाहीतर खातो. मेलेल्या माशीची नांगीसुद्धा टोचते आणि विष सोडते. हंगामात बाहेरचा पांढरा दिवा बंद ठेवा किंवा मंद पिवळा लावा, पडदे ओढा आणि सकाळी कुत्र्याला सोडण्याआधी व्हरांडा झाडून घ्या.

साखळी

आता सुरुवातीला राहिलेली गोष्ट. मोहोळ उठलं की मोकळा कुत्रा डंख खात का होईना, पळतो. चारसहा, फार तर पंधरावीस डंखांवर सुटतो. साखळीला बांधलेला किंवा पिंजऱ्यात कोंडलेला कुत्रा जागेवरच गोल फिरत राहतो, ओरडतो, झटकतो, आणि त्याच्या प्रत्येक हालचालीवर आणखी माश्या येतात. मोठ्या हल्ल्यात जनावर दगावतं ते बहुतेक वेळा असंच, आणि दाव्याला बांधलेल्या गुरांचंही तेच होतं. त्याला सोडवायला कोणी जवळ जाऊ शकत नाही. माणसं खिडकीतून बघत राहतात, आणि ते दृश्य पुढे कितीतरी दिवस त्या घरातल्यांच्या मनातून जात नाही.

आवारात किंवा आसपास मोहोळ असताना कुत्र्याला बाहेर साखळीने बांधून घराबाहेर जाऊ नका. त्याच्यासाठी दार ढकलून आत जाता येईल अशी बंद, अंधारी जागा ठेवा. पडवी, गॅरेज, बाथरूम, काहीही चालेल. काही कारणाने बांधावंच लागलं तर अंगठ्याने एका झटक्यात सुटणारा हूक वापरा. गाठ, कुलूप, तारेचा पीळ असलं काही नको.

हल्ला झालाच तर

घराचं दार उघडा, राखून ठेवलेला शब्द ओरडा आणि स्वतः आत जा. कुत्रा तुमच्यामागे येईल. माश्या झटकत उभे राहू नका. लहान कुत्र्याला चादरीत गुंडाळून उचला. मोठ्याला पट्ट्याला धरून ओढा, पण स्वतःचं तोंड आणि डोळे झाकून. आत आल्यावर खोली अंधारी करा आणि एकच खिडकी उजेडाची ठेवा, माश्या तिच्या काचेवर जमतात. अंगावरच्या केसांत अडकलेल्या माश्यांवर साबणाचं पाणी ओता. त्याने त्या लगेच निष्प्रभ होतात, हाताने वेचण्यात वेळ घालवू नका. बाहेर बांधलेला कुत्रा सोडवायचा असेल तर जाड जर्किन, हेल्मेट आणि अंगभर ओली घोंगडी घेतल्याशिवाय जाऊ नका, आणि ज्याला डंखाची अ‍ॅलर्जी आहे त्याने तर अजिबात जाऊ नये.

मग नांग्या काढा. नखाने, एटीएम कार्डाच्या कडेने किंवा बारीक फणीने, जे हाताशी असेल त्याने खरवडा. पद्धतीपेक्षा वेग महत्त्वाचा. पहिल्या मिनिटात काढलेली नांगी नंतर निवांत काढलेल्या दहा नांग्यांपेक्षा जास्त उपयोगाची. नाक, ओठ, कानांच्या आत, पापण्या, काखा आणि पोटाखाली नीट बघा. मानेचा पट्टा लगेच काढून टाका, मान सुजली की तोच गळफास होतो. सुजलेल्या जागी फडक्यात गुंडाळलेला बर्फ धरा. तोंडात डंख असेल तर थंड पाणी चाटू द्या आणि श्वासावर लक्ष ठेवा.

चुना लावू नका. आपल्याकडे डंखावर चुना लावायची रीत आहे, पण कुत्रा जागा चाटतो आणि चुन्याने जीभ पोळते. कांदाही चोळू नका, तो तर कुत्र्याला विषारीच आहे. आणि माणसांच्या गोळ्या, विशेषतः पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एकही देऊ नका. त्यांनी लिव्हर आणि किडनीला डंखापेक्षा मोठी इजा होते. अ‍ॅलर्जीची गोळीही पशुवैद्याला फोन करून, वजनाप्रमाणे मात्रा विचारूनच द्या. सर्दीच्या गोळ्यांत अ‍ॅलर्जीच्या औषधासोबत इतर औषधं मिसळलेली असतात, त्या चालत नाहीत.

डॉक्टरकडे कधी न्यायचं

एकच डंख, पंजावर किंवा नाकावर, थोडी सूज, लंगडणं, थोडी कुरकुर आणि बाकी कुत्रा नेहमीसारखा असेल, तर घरी लक्ष ठेवलं तरी चालतं. पहिला अर्धा तास त्याच्याजवळच बसा. पुढचे काही तास अधूनमधून बघा.

पुढचं काहीही दिसलं तर गाडी काढा: उलटी, जुलाब, एकदम गळून गेल्यासारखं बसणं, पांढरट हिरड्या, तोंडभर पसरत जाणारी सूज, अंगभर गांधी, घरघर, झोक जाणं. बऱ्याच लोकांना वाटतं की अ‍ॅलर्जी म्हणजे दम लागणं. कुत्र्यात तीव्र अ‍ॅलर्जीचा मोठा फटका लिव्हरला आणि पोटाला बसतो, त्यामुळे पहिली खूण पुष्कळदा उलटी आणि जुलाब हीच असते. डंखानंतर दहा मिनिटांत उलटी झाली तर ‘काहीतरी खाल्लं असेल’ म्हणून थांबू नका. दवाखान्यात अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन आणि सलाइन वेळेवर मिळालं तर कुत्रे झपाट्याने सावरतात. उशीर झाला तर हातात फार काही उरत नाही. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तोंडाजवळ एकही डंख बसला तरी थेट दवाखाना गाठा.

डंख दहाच्या वर असतील तर कुत्रा ठीक दिसत असला तरी न्या. सस्तन प्राण्यांसाठी किलोमागे साधारण वीस डंख हा प्राणघातक मात्रेचा ढोबळ अंदाज मानतात. म्हणजे पाच किलोच्या पॉमेरेनियनला शंभर, पण त्याच्या कितीतरी आधी किडनीला इजा होऊ शकते. जास्त डंख बसले की रक्तातल्या तांबड्या पेशी आणि स्नायू फुटतात आणि त्यांचा राडा किडनीत अडकतो. हे तिथल्या तिथे दिसत नाही. पुढचे दोनतीन दिवस लघवीचा रंग बघा. ती काळ्या चहासारखी किंवा तांबूस झाली, किंवा फार कमी झाली, तर परत दवाखाना. एकदा ज्या कुत्र्याला तीव्र त्रास झाला, त्याला पुढच्या डंखाला तो आणखी जोरात होऊ शकतो. अशा कुत्र्याच्या घरी पेटी ठेवू नये, असलेली दुसरीकडे हलवावी. माश्यांवर कितीही माया असली तरी इथे कुत्र्याची बाजू घ्यायची.

रात्री आणि रविवारी कोणता पशुवैद्य उघडा असतो, त्याच्याकडे सलाइनची सोय आहे का आणि घरापासून किती वेळ लागतो, हे आजच विचारून ठेवा. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या वेळा ठरलेल्या असतात, त्यामुळे खासगी डॉक्टरांचाही एक नंबर हवाच. हे सगळं कुत्र्याला फिरवायला येणाऱ्या मुलाला, कामाच्या मावशींना, माळीकाकांना आणि राखणदारालाही सांगा. मोहोळ उठतं तेव्हा आपण घरी असूच असं नाही. दार कोणतं उघडायचं, कुत्र्याला बोलवायचा शब्द कोणता आणि डॉक्टरांचा नंबर काय, एवढं मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. शेजाऱ्यांनाही पेटी कुठे आहे ते दाखवा, म्हणजे ते त्या बाजूला पाचोळा पेटवणार नाहीत.